बोल्ट ओढण्यासाठी नसतात

माझा डावा कान मी अकरा वर्षांची असताना गेला आणि तो माझ्या बापाने घालवला. हे आधीच सांगून टाकते, कारण नात्यातली माणसं 'लहानपणी तिचा कान फुटला होता' असं म्हणतात, जसा काही कान म्हणजे काचेचा पेला, कुणी हात न लावता फुटतो.

बाबांची एक जुनी गाडी होती. स्वातंत्र्याच्या आधीची, लांब नाकाची, दारांखाली पाय ठेवायला फळ्या असलेली. आमचे पूर्वज एका सरदारांच्या दफ्तरात कागद लिहायला म्हणून उज्जैनला आले आणि पिढ्यान् पिढ्या तेच करत राहिले. त्या चाकरीच्या शेवटी आजोबांच्या पदरात ही गाडी पडली. आजोबांना ती चालवता येत नव्हती. बाबांना चालवता येत होती, उघडता येत होती आणि पुन्हा जोडताही येत होती. ते कापडगिरणीच्या वर्कशॉपात फिटर होते आणि रविवारी फ्रीगंजातल्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या गाडीखाली आडवे असायचे.

मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही देवासच्या रस्त्याने परत आलो तेव्हा इंजिन भट्टीसारखं तापलं होतं. बाबांनी रेडिएटरचं झाकण फिरवलं, वाफ उसळली आणि त्यांचं मनगट भाजलं. ते ओरडले, "पाणी आण! पळ!" मी पळाले. नळाला पाणी नव्हतं म्हणून रांजणातलं आणलं, बादलीभर. बाबांनी माझ्या हातातून बादली हिसकावली आणि एका दमात सगळी आत ओतली. आतून टण्णकन आवाज झाला. इंजिनचा ब्लॉक बिडाचा असतो, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बीड वाकत नाही, चेपत नाही, एकदम फुटतं. ब्लॉकला वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि त्यातून पाणी पाझरायला लागलं. बाबांनी तडा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग उजवा हात उचलला.

त्यानंतरचं मला फक्त दिसलं. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिचं तोंड हलत होतं आणि आवाज येत नव्हता. फ्रॉकच्या खांद्यावर रक्त होतं. डॉक्टरांना बाबांनी सांगितलं की पोरगी जिन्यावरून पडली. आमच्या घराला जिनाच नव्हता.

घरात मात्र एकच वाक्य राहिलं. गाडी का बंद आहे असं कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, "हिने गार पाणी आणलं." चोराच्या उलट्या बोंबा. तापलेल्या बिडात गार पाणी ओतू नये हे ज्याला माहीत नाही त्याला फिटर म्हणू नये. मी बादली आणली. ओतली त्यांनी. चाळीस वर्षं मला त्यांच्या तोंडून तीन शब्द ऐकायचे होते: पाणी मी ओतलं. माफी नको होती, माफी मागून कान उगवत नाही. फक्त ते तीन शब्द, आणि तेही आईसमोर.

बाबा मारत. हाताला लागेल त्याने मारत. फॅन बेल्ट, फूटपट्टी, कमरेचा पट्टा, कधी नुसता पंजा. आईच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. शेडच्या पत्र्याला एक खोल पोचा आहे, तो पान्याचा. पाना आईसाठी होता, ती वेळेवर वाकली म्हणून पत्र्यावर निभावलं. मारून झालं की बाबा शांतपणे हात धुवायचे आणि जेवायला बसायचे. मला सगळ्यात जास्त राग त्या जेवणाचा यायचा. आई वाढत असायची, डोळे पुसत नसायची, आणि बाबा म्हणायचे, "भाजी छान झाली."

आणि याच माणसाने मला इंजिन शिकवलं. कानाचा बोळा निघाला त्या आठवड्यात त्यांनी मला शेडमध्ये नेलं, एका स्कूटरच्या इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि त्याची मूठ माझ्या उजव्या कानाला लावली. बेअरिंग कुठलं घासतंय ते असं ऐकायचं असतं. म्हणाले, "डावा गेला तर काय झालं, उजवा आहे ना. एका कानाने जास्त नीट ऐकू येतं." मला तेव्हा त्यांच्या हातात तो स्क्रूड्रायव्हर खुपसावासा वाटला. आणि ते बेअरिंग मला ऐकूही आलं.

खाण तशी माती. मी पॉलिटेक्निकमध्ये वर्कशॉप शिकवते, आणि एकदा एका मुलाने लेथ चालू असताना चक-की, म्हणजे चक आवळायची किल्ली, आत तशीच ठेवली म्हणून मी त्याच्या दिशेने कानस फेकली होती. ती त्याच्या डोक्याशेजारच्या भिंतीला लागली. मला मेमो मिळाला, तो मी फाडला, मग दुसरा मिळाला. माझं लग्न चार वर्षं टिकलं. नवरा वाईट होता असं नाही. एका सकाळी मी त्याच्यावर कुकरचं झाकण फेकलं, त्याच्या भुवईला तीन टाके पडले, आणि तो टाके घालून आला ते सामान बांधायला. मी माहेरी परत आले, माझ्या बापाच्या घरात. जगात तीच एक जागा होती जिथे माझ्या रागाचं कुणाला नवल वाटलं नाही.

तीन वर्षांपूर्वी बाबांना ब्याऐंशी पूर्ण झाली. हात थरथरत, पण फेकायला अजून चालत. चहा गार झाला तर कप भिंतीवर जायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. एका सकाळी ते शेडमध्ये त्या गाडीच्या फळीवर बसले होते, मी स्कूटी काढत होते, तेव्हा म्हणाले, "ही चालू कर."

"ब्लॉक फुटलेला आहे."

"नवं इंजिन टाक. आजकाल भंगारात पडलेली असतात. पण गिअरबॉक्स हाच राहील. त्याला मी चाळीस साल तेलात ठेवला आहे, एक दात झिजू नाही दिला. मला यात बसून एकदा राम घाटापर्यंत जायचं आहे. मग काय व्हायचं ते होऊन जाऊ दे."

मी स्कूटी स्टँडवर लावली. मी म्हणाले, "टाकते. पण एक अट. इंजिन त्या गिअरबॉक्सवर बसलं की तुम्ही आईला समोर उभी करून म्हणायचं, पाणी मी ओतलं."

ते हसले. त्यांची कवळी हसताना सुटायची, ती त्यांनी जिभेने वर ढकलली. "आधी बसवून तर दाखव."

मी तो होकार धरला.

इंजिन मिळालं ते एका ठोकलेल्या व्हॅनचं. चार सिलिंडरचं, हलकं, चलाख, ॲल्युमिनियमच्या अंगाचं. गिअरबॉक्स म्हणजे बिडाचं जडशीळ धूड, तीन गिअरचं, पुढे घंटेसारखं रुंद तोंड असलेलं. दोघांमध्ये पाऊणशे वर्षांचं अंतर. दोघांची तोंडं एकमेकांना जुळत नाहीत, भोकं वेगळीकडे असतात, म्हणून मध्ये एक जाड प्लेट बनवावी लागते. तिच्या एका अंगाला इंजिनची भोकं, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. ऐकायला सोपं आहे. पण गिअरबॉक्सच्या तोंडातून जो दांडा पुढे येतो, त्याचं टोक इंजिनच्या फिरत्या चकतीच्या मधोमध असलेल्या पितळी बुशमध्ये, म्हणजे छोट्या नळीत, जाऊन बसायला हवं, अगदी बरोबर केंद्रावर. केसाइतका फरक पडला तर दांडा प्रत्येक फेऱ्याला मार खातो, मिनिटाला हजारो वेळा, आणि काही दिवसांत बेअरिंगचा भुगा होतो. मशिनी माणसांसारख्या नसतात. त्यांना मार सोसत नाही.

इंजिनच्या बाजूचं माप मी घेतलं, माझ्या पद्धतीने. गिअरबॉक्सचंही घ्यायला निघाले तर बाबांनी माझा डायल गेज, केसाइतका फरक दाखवणारं ते घड्याळासारखं मापयंत्र, उचलला आणि खिडकीतून बाहेर तुळशीपाशी फेकला. त्याची काच फुटली.

"हे खेळणं माझ्या गिअरबॉक्सला लावायचं नाही. मी छापा मारून आणतो."

"कसला छापा?"

"कापडावर. गिरणीत आम्ही असंच करायचो. मशिनीच्या तोंडाला रंग लावायचा, वरून कापड दाबायचं, पूरा नक्शा उतरून येतो. तुझ्या त्या किताबात नसेल."

काच उचलताना माझं बोट कापलं. ते रक्त मी मुद्दाम त्यांच्या पांढऱ्या पायजम्याला पुसलं. त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. आत आईने मिक्सर लावला. शेडमध्ये आवाज चढले की ती नेहमी मिक्सर लावायची. आमच्या घरात शेंगदाण्याचा कूट कधी संपला नाही.

तर गिअरबॉक्स टेम्पोत घालून आम्ही भैरवगढला गेलो. तिथे बाबांच्या ओळखीचा एक छपाईवाला होता, पलंगपोस आणि चादरी छापणारा, साठीतला. त्याने बिडाच्या त्या तोंडाला काळा रंग थापला, हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं कापड वरून ताणलं आणि तळहाताने दाबत गेला, जशी आई पोळपाटावर पुरणपोळी दाबते. कापड सोललं तेव्हा गिअरबॉक्सचं अख्खं तोंड त्यावर होतं. प्रत्येक भोक, प्रत्येक कंगोरा. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं ते. बाबांचा चेहरा असा काही फुलला की क्षणभर मला त्यांचा राग आठवेना.

मग ते म्हणाले, "इसको पक्का करो. धोके दो."

छपाईवाला थांबला. "बाउजी, धुलेगा तो कपड़ा सिकुड़ेगा."

"सिकुड़ने दो. रंग हाथ को नहीं लगना चाहिए."

त्याला कारण होतं. गिरणीत एकदा त्यांच्या घामेजल्या हाताने साहेबाचा नकाशा पुसला गेला होता आणि साहेबाने अख्ख्या खात्यासमोर त्यांच्या तोंडावर तो कागद फेकला होता. तेव्हापासून पुसट माप म्हटलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. छपाईवाल्याने खांदे उडवले आणि कापड उकळत्या कढईत टाकलं, मग नदीवर नेऊन दगडावर आपटून धुतलं. मी उजव्या कानाने हे सगळं ऐकलं होतं.

घरी आल्यावर बाबा झोपले तेव्हा मी व्हर्नियर घेऊन कापड मोजलं. मग गिअरबॉक्स मोजला. उभ्या धाग्याच्या दिशेने कापड दोन मिलिमीटर आटलं होतं. मी व्हर्नियर पुसून डबीत ठेवला आणि डबी कपाटात.

मला त्यांना सांगता आलं असतं. नवं कापड छापायला एक सकाळ लागली असती. पण मला ते चुकायला हवे होते. सगळ्यांसमोर, गिअरबॉक्स लटकत असताना, स्वतःच्या मापाने तोंडघशी पडायला हवे होते. म्हणजे मला म्हणता आलं असतं, बघा, कापड तुम्ही धुतलंत, आणि पाणीही तुम्हीच ओतलं होतं. चाळीस वर्षांचा राग माणसाला इतका हिशेबी बनवतो हे मला माहीत नव्हतं. खरादवाल्याने, म्हणजे लेथवर प्लेट बनवणाऱ्याने, कापड बघून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "दीदी, एक बार आप नाप लो." मी म्हणाले, "बाउजी का नाप है. वही रखो."

प्लेट आली. इंजिन लाकडी घोडीवर, त्याला प्लेट घट्ट बसवलेली. गिअरबॉक्स वर चेनपुलीला टांगलेला. रविवारची सकाळ, पत्रा तापायला लागलेला. बाबा स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. "डावीकडे. अगं डावीकडे! बहिरी आहेस का?" चाळीस वर्षांत त्यांनी हा शब्द किती वेळा वापरला असेल, आणि दर वेळी त्यांच्या लक्षात यायचं नाही.

मी गिअरबॉक्स पुढे ढकलला. दांडा क्लच प्लेटच्या खाचांमध्ये सहज गेला, आणखी पुढे सरकला, आणि बोटभर अंतर राहिलं असताना अडला. फिरवून बघितलं. हलवून बघितलं. अडला तो अडलाच. खालच्या बाजूने फट जास्त, वरच्या बाजूने कमी. हे मला आधीपासून माहीत होतं. मी हात पुसले. माझी वेळ आली होती.

"बाबा, प्लेट चुकली आहे. कापड धुतल्यावर आटलं."

"प्लेट बरोबर आहे."

"मी मोजलंय. दोन मिलिमीटर."

"तुझं मोजणं चुकलं असेल. तुला बसवता येत नाही, हे सांग ना. बोल्ट लाव आणि आवळ. बोल्ट खेचून घेतात."

मी दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते: बोल्ट धरण्यासाठी असतात, ओढण्यासाठी नसतात. जोड हाताने सरकून बसला पाहिजे. नाही बसला तर थांबायचं आणि का नाही बसला ते शोधायचं. जो बोल्टने ओढतो तो काहीतरी मोडतो. हे मी बाबांना म्हणून दाखवलं, अगदी वर्गातल्या आवाजात.

"आली मोठी मास्तरीण!" ते उठून उभे राहिले. "तुझ्या हाताने आयुष्यात काही बसलं का? लग्न बसलं? संसार बसला? नवऱ्याचं डोकं फोडून आली. अकरा वर्षाची होती तेव्हाही हीच अक्कल होती, गार पाणी घेऊन आली..."

आणि त्यांनी पाना फेकला. म्हातारा हात, पण नेम तोच. पाना माझ्या गळ्याखालच्या हाडावर बसला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी खाली वाकले, पाना उचलला, आणि त्या क्षणी मला तो त्यांच्या टाळक्यात घालायचा होता. हे मी सौम्य करून सांगणार नाही. माझ्या मनगटाने तेवढी उंची घेतलीसुद्धा होती. मग माझ्यातल्या कुणीतरी दुसरी वाट काढली. त्यांना दाखवून द्यायचं. ओढून दाखवायचं. तुमचं खरं, घ्या, बोल्ट खेचतात ना, खेचू द्या.

बोल्ट भोकांत जात नव्हते, म्हणून मी गोल कानशीने प्लेटची भोकं ओरबाडली, ॲल्युमिनियमचा चुरा हातावर उडत होता. मग सहाही बोल्ट लावले. पान्याला पुढे पाईप अडकवला, हात लांब व्हावा म्हणून. आणि आवळायला लागले. खालचा एक, वरचा एक. फट कमी होत होती. बाबा मागून म्हणाले, "बघ. आलं ना?" त्यांच्या आवाजात आनंद होता, आणि त्या आनंदाने माझं डोकं जास्त फिरलं. मी एक पाय इंजिनच्या घोडीवर रोवला आणि सगळ्या अंगाने खालच्या बोल्टवर लोंबकळले. दात ओठात रुतले होते. बोल्ट किंचाळला. मला ठाऊक होतं. माझ्या हाताला, खांद्याला, उजव्या कानाला, सगळ्यांना ठाऊक होतं की आता थांबायला हवं. मी आणखी एक झटका दिला.

टण्ण.

बिडाच्या त्या रुंद तोंडाचा खालचा काठ बोल्टसकट सुटला आणि फरशीवर पडला. तडा वर चढत गेला, अर्ध्या तोंडापर्यंत. चाळीस वर्षं तेलात ठेवलेला, एक दात न झिजलेला गिअरबॉक्स. असा दुसरा आता जगात कुठे मिळणार नव्हता.

मी वळले. बाबा तड्याकडे बघत होते, तोंड अर्धवट उघडं. आणि मी हात उचलला आणि सगळी ताकद लावून त्यांच्या तोंडावर मारला. "तुम्ही कापड धुतलंत!" मी ओरडले. "तुम्ही धुतलंत ते!"

त्यांची कवळी तोंडातून उडाली आणि तेलाच्या परातीत जाऊन पडली. ते स्टुलावरून मागे कलंडले, पत्र्याला पाठ लागली म्हणून पडले नाहीत. ओठातून रक्त आलं, हनुवटीवरून बंडीवर ठिबकलं. ते ओरडले नाहीत. हातही वर केला नाही. माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, ओळख होती. मी काय केलं, कसं केलं, आणि केल्यावर पहिलं वाक्य कोणतं बोलले, हे त्या शेडमध्ये त्यांच्याइतकं कुणालाच कळलं नसतं. माझा तळहात चरचरत होता. मला स्वतःची इतकी किळस आयुष्यात आधी आली नव्हती आणि नंतरही आली नाही.

आई दारात आली. तिने आधी फरशीवरचा तुकडा बघितला, मग बाबांचं तोंड, मग माझ्या हातातला पाना.

"कुणी फोडलं हे?"

मी तोंड उघडलं. बाबा माझ्याआधी बोलले. कवळी नसल्याने शब्द पातळ येत होते. "मी. बोल्ट मी आवळले. ही नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही."

"आणि ओठ?"

"पाना सटकला. तोंडावर बसला."

माझी आई त्या माणसाशी सत्तावन्न वर्षं उलट शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी तिने पदर कमरेला खोचला आणि शेडमध्ये पायरी उतरून आली. "आजवर तुमच्या हाताखाली काही धड राहिलंय का हो? हे बोट मोडलंत. पोरीचा कान फोडलात. डॉक्टरसमोर जिना म्हणालात, कुठला जिना? मी तिथे उभी होते, मला बोलता आलं नाही, माझी जीभ तेव्हाच झडली. ते पाणीसुद्धा तुम्हीच ओतलंत, आणि चाळीस वर्षं लेकरावर खापर फोडलंत. या वयात तरी लाज वाटू द्या!" तिचा आवाज फाटत होता. तिने तो बिडाचा तुकडा उचलला आणि दोन्ही हातांनी बाबांच्या पायांपुढे आदळला. फरशी तडकली.

बाबांनी मान वर केली. आईकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले. "पाणी मी ओतलं."

अगदी मला हवे होते तेच शब्द. आईसमोर. स्वच्छ.

आता माझी पाळी होती. मला म्हणायचं होतं, आई, बोल्ट यांनी नाही आवळले. कापड आटलंय हे मला दहा दिवसांपासून माहीत होतं. हा ओठ माझ्या हाताने फाटलाय. वाक्यं तयार होती, घशाशी होती. पण आई पहिल्यांदा ताठ उभी होती. आणि बाबा त्या स्टुलावर बसून तिचं सगळं घेत होते, खरंही आणि खोटंही, एकाच मानेने. मी बोलले असते तर त्यांचा तो एक होकार पुन्हा डागाळला असता, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. ते खोटं आहे. मी घाबरले होते. आईने माझ्याकडे त्या नजरेने बघू नये एवढंच मला हवं होतं. मी परातीतून कवळी काढली, नळाखाली धुतली आणि बाबांच्या हातात दिली.

आईने त्यांच्या ओठाला हळद लावली. लावताना बोलत होती, दाबून लावत होती, आणि ते हूं की चूं करत नव्हते.

पुढचं काम मी नीट केलं. फ्रीगंजातल्या एका म्हाताऱ्या वेल्डरने गिअरबॉक्सचं तोंड कोळशावर तापवून जोडलं, आणि राखेत दोन दिवस हळूहळू निवू दिलं, म्हणजे पुन्हा तडकू नये. प्लेट मी नव्याने मापली, नवा डायल गेज लावून. बाबा बघत बसायचे, काही फेकायचे नाहीत. त्यानंतर त्यांनी कशालाच हात लावला नाही. गिअरबॉक्स हाताने सरकून जागेवर बसला, मी बोल्ट बोटांनी फिरवले. मी त्यांना राम घाटापर्यंत नेऊन आणलं. जाताना दुसऱ्या गिअरला दात थोडे करकरले, तेव्हा ते इतकंच म्हणाले, "क्लच दोनदा मार." घाटावर उतरले नाहीत. आत बसूनच नदी बघितली.

मागच्या थंडीत ते गेले. गिअरबॉक्सच्या तोंडावरचा जोड बॉनेट उघडलं की दिसतो, जाड, वेडावाकडा. आई कधी तिथे येऊन उभी राहिली की म्हणते, "ह्यांच्या रागाने घात केला बघ, तुझं ऐकलं असतं तर." मी ऑइल बघत असते, नाहीतर पट्टा. तिला मी अजून सांगितलेलं नाही.